स्टेजवरचं शरीर आणि पेटीतलं कार्ड

सक्करदऱ्यात बुधवारी बाजाराच्या वाटेवर सकाळी साडेसातला चिकनच्या दुकानापुढे उभे राहा. जिम कोणत्या गल्लीत आहे हे विचारावं लागत नाही. गळ्यात टॉवेल, हातात पाण्याची बाटली, अंगात बाह्या कापलेलं बनियन. "काका, नुसतं छातीचं द्या, अर्धा किलो, चामडी नको." दुकानदाराला ही पोट्टी तोंडपाठ आहेत. त्यातल्या कुणाच्या नावावर किती उधारी आहे, तेही.

त्या उधारीच्या वहीत माझ्या भाच्याचंही नाव होतं. एका कुरिअर कंपनीत कामाला, पगार १४ हजार. त्याचा महिन्याचा हिशेब मी एकदा कागदावर मांडून पाहिला. रोज बारा अंडी, म्हणजे ८४ रुपये. अर्धा किलो चिकन, ११० रुपये. महिन्याला हे दोन्ही मिळून पावणेसहा हजारांच्या वर जातं. प्रोटीन पावडरचे दोन डबे, सहा हजार. जिमची फी आठशे, आणि 'स्पर्धेसाठी खास' लक्ष देणाऱ्या ट्रेनरचे वेगळे तीन हजार. पगार इथेच संपून वर दीड हजाराची खोट. इंजेक्शनं यात धरलेलीच नाहीत, कारण त्यांचा पत्ता आम्हांला तेव्हा लागला नव्हता. खोट भरून निघत होती माझ्या बहिणीच्या बचत गटाच्या कर्जातून. तिला वाटत होतं, पोरगं दारू पीत नाही, खर्रा खात नाही, पहाटे पाचला उठतं, यापेक्षा आईला आणखी काय पाहिजे?

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शरीर कमावणाऱ्या पोरांची चेष्टा करणारे लेख मी खूप वाचलेत. 'डोक्यात काही नाही, दंडात आहे' अशा थाटाचे. ते लिहिणाऱ्यांना एक गोष्ट कळत नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी दुसऱ्यांची ओझी वाहायला, दुसऱ्यांची गुरं ओढायला शरीर झिजवलं, त्यांच्या नातवाला आपलं शरीर आपल्यासाठी, पाहण्याजोगं, अभिमानानं मिरवण्याजोगं करावंसं वाटलं, तर त्यात हसण्यासारखं काय आहे? स्टेजवर तो उभा राहतो तेव्हा कमरेला नंबर लावलेला असतो, आडनाव नसतं. पाच मिनिटं सगळे दिवे त्याच्यावर असतात. वस्तीतल्या पोराच्या वाट्याला असे दिवे किती वेळा येतात? माझा आक्षेप त्याच्या हौसेवर नाही. त्या दिव्यांपर्यंत नेणारा जो रस्ता त्याला दाखवला जातो, त्याच्यावर आहे. आणि थोडा आपल्या सगळ्यांवर आहे. तो पुढे येईलच.

आधी त्या दिव्यांविषयी. शरीरसौष्ठव हा असा खेळ आहे की ज्यात धावपट्टी नाही, घड्याळ नाही, गोल नाही. पाच-सात पंच समोर बसतात आणि डोळ्यांनी ठरवतात. जिथे डोळे ठरवतात तिथे डोळ्यांमागचं मनही ठरवतं. अमेरिकेत 'मिस्टर अमेरिका' ही नामांकित स्पर्धा १९३९ साली सुरू झाली. ती जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय, ख्रिस डिकरसन, उजाडला १९७० साली. एकतीस वर्षं! तोवर काळ्या खेळाडूंचे स्नायू कमी पडत होते असं नाही. गुण फक्त स्नायूंना नव्हते. व्यक्तिमत्त्व, बोलणं-चालणं असल्या मोघम गोष्टींनाही होते, आणि मोघम गोष्टींत रंग बसवता येतो. सर्जिओ ऑलिव्हा नावाचा क्यूबाचा वेटलिफ्टर १९६२ साली जमैकातल्या स्पर्धेतून पळून अमेरिकेत आला. १९६६ च्या मिस्टर अमेरिकेत सर्वांत पिळदार शरीराचं बक्षीस त्याला दिलं, पण किताब दुसऱ्याला. त्यानं ती संघटनाच सोडली आणि दुसऱ्या संघटनेची 'मिस्टर ऑलिम्पिया' १९६७ ते १९६९ अशी सलग तीन वर्षं जिंकून दाखवली. पुढे अर्नोल्ड श्वार्झनेगरशी त्याची जी चुरस झाली, विशेषतः १९७२ ला जर्मनीत एसेन शहरात, तिचा निकाल बरोबर की चूक यावर आजही लोक भांडतात. जगाला सिनेमामुळे अर्नोल्ड माहीत आहे. ऑलिव्हानं पुढे शिकागोच्या पोलिसांत नोकरी केली.

दुसरी चुरस आपल्या पोरांच्या मोबाईलमध्ये असते. रॉनी कोलमन आणि जे कटलर. कोलमन लुइझियानाच्या एका लहान गावातला, गरीब कृष्णवर्णीय घरातला. हिशेबशास्त्राची पदवी घेऊन नोकरी मिळेना म्हणून पिझ्झाच्या दुकानात राबला, मग टेक्सासमध्ये पोलीस झाला. १९९८ ते २००५ सलग आठ वेळा मिस्टर ऑलिम्पिया. कटलर २००१, २००३, २००४ आणि २००५ अशा चार वेळा त्याच्या मागे दुसरा आला आणि २००६ ला त्यानं कोलमनला हरवलं. पोट्ट्यांना इथपर्यंतची गोष्ट ठाऊक असते. कोलमन ८०० पौंड, म्हणजे ३६० किलोच्या वर वजन खांद्यावर घेऊन दोनदा बसला-उठला, तो व्हिडिओही त्यांनी शंभरदा पाहिलेला असतो. त्यानंतरचा कोलमन त्यांना कुणी दाखवत नाही. पाठीच्या आणि खुब्याच्या कितीतरी शस्त्रक्रिया, कुबड्या, व्हीलचेअर. तो स्वतः म्हणतो की मला पश्चात्ताप नाही. उलट तेव्हा दोनाऐवजी चारदा उठायला हवं होतं. त्याचं त्याच्यापाशी. त्याच्याकडे आठ किताब आहेत, नाव आहे, त्या नावावर चालणारा धंदा आहे. आमच्या गल्लीतल्या पोराची कंबर गेली तर कुरिअरची पिशवी कोण उचलणार?

आपल्या महाराष्ट्रात या खेळाला मोठी परंपरा आहे, आणि ती कमी लेखायचं कारण नाही. कोल्हापूरच्या सुहास खामकरनं २०१० साली मिस्टर एशिया जिंकली. संग्राम चौगुले २०१२ साली ८५ किलो गटात मिस्टर युनिव्हर्स झाला. मुंबईच्या सुनीत जाधवनं महाराष्ट्र श्रीवर सलग अनेक वर्षं नाव कोरलं. पण या यादीखाली एक न लिहिलेली यादी आहे. जे सहावे आले, नववे आले, ज्यांना पहिल्याच फेरीत 'मागे व्हा' सांगितलं, त्यांची. हा खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही. आशियाई खेळांत २००२ आणि २००६ अशा दोनदा आला आणि गेला. संघटना एकाहून जास्त. एकीच्या स्पर्धेत खेळला तर दुसरी दार लावते. २०२४ च्या मिस्टर ऑलिम्पियाला सहा लाख डॉलर मिळाले हे खरं. आमच्याकडच्या वॉर्डातल्या स्पर्धेत पहिल्याला पाच हजार रुपये आणि कमरेएवढी ट्रॉफी मिळते, हेही खरं. त्या पाच हजारांसाठी पोरगं वर्षाला लाख-दीड लाख घालतं. मग पैसा कमावतो कोण? डबे विकणारा, आणि डब्यांवर कमिशन खाणारा ट्रेनर.

आणखी एक नाव घेतो. मनोहर आइच, बंगालचे. उंची पाच फुटांना एक इंच कमी. इंग्रज अधिकाऱ्याच्या कानशिलात लगावली म्हणून तुरुंगात गेले आणि तिथेच व्यायाम वाढवला. १९५१ च्या मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत दुसरे आले, घरी न परतता लंडनलाच रेल्वेत नोकरी धरून राहिले, आणि १९५२ ला आपल्या उंचीच्या गटात जिंकले. भात, डाळ, भाजी, मासळी, दूध असं साधं खाणं. २०१६ साली वारले तेव्हा वय १०४ वर्षं. भाच्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, आजच्या स्टेजवर त्यांचा नंबरच नाही लागणार." तो खोटं बोलत नव्हता. आज ज्या शरीराला पंच गुण देतात, ते शरीर नुसत्या भात-डाळीवर आणि मेहनतीवर बनतच नाही, हे या धंद्यातलं उघडं गुपित आहे. आमच्या पोट्ट्यांना ते फक्त उशिरा सांगितलं जातं. आधी डबे घ्यायला लावतात. वर्षभरानं म्हणतात, "आता पुढं जायचं असेल तर थोडी मदत घ्यावी लागेल."

ही 'मदत' म्हणजे काय, ते आया-बापांनी समजून घ्यावं. घरात रिकाम्या सिरिंज, तेलकट औषधाच्या लहान बाटल्या, नावाची चिठ्ठी खरवडलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या दिसल्या तर 'व्हिटॅमिन आहे' यावर विश्वास ठेवू नका. ही बहुतेक वेळा टेस्टोस्टेरॉन, नॅन्ड्रोलोन, स्टॅनोझोलॉल अशी स्टेरॉइडं असतात. बाहेरून पुरुषी संप्रेरक आलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. वृषण आक्रसतात, शुक्रजंतू घटतात, कधी पूर्ण जातात. लग्नानंतर मूल होत नाही म्हणून सुनेला दवाखान्यात नेणाऱ्या सासवांनी एकदा पोराच्या जुन्या जिमचीही चौकशी करावी. जास्तीच्या संप्रेरकाचं काही प्रमाणात स्त्री-संप्रेरकात रूपांतर होतं आणि छातीला गाठी येतात. त्या मग ऑपरेशनशिवाय जात नाहीत. चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, वाईट वाढतं, रक्त दाट होतं, हृदयाची भिंत जाड होते. गोळीच्या रूपातली स्टेरॉइडं यकृतावर जातात. अठराच्या आतल्या पोरानं घेतली तर हाडांची वाढ वेळेआधी थांबून उंची खुंटते. आणि एकाच सुईनं तिघांनी टोचलं तर कावीळ आणि एचआयव्हीची दारं उघडी.

अलीकडे आणखी एक इंजेक्शन फिरतं, मेफेन्टरमाइन. ऑपरेशनच्या टेबलावर रुग्णाचा रक्तदाब कोसळला तर भूलतज्ज्ञ ते वापरतात. आमची पोट्टी ते व्यायामाआधी 'जोश' यावा म्हणून घेतात. म्हणजे चांगल्या हृदयाला उगाच चाबूक मारायचा. ही सगळी औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्यानं मनाई आहे. तरी ती मिळतात. कुठून मिळतात हे वस्तीत सगळ्यांना माहीत असतं, फक्त पोलिसांना नसतं.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. घेत असलेलं औषध पोरानं एकदम बंद केलं तर काही महिने त्याचं शरीर रिकामं पडतं. अंग गळतं, मन खचतं, आत्महत्येचे विचारसुद्धा येतात. तेव्हा "सोडलंस ना, झालं मग" म्हणून मोकळे होऊ नका. त्याला डॉक्टरकडे न्या आणि काय काय घेतलं ते खरं सांगायला लावा. डॉक्टर पोलिसांत देत नाहीत.

आता भाच्याकडे येतो. त्याच्याच गल्लीत, चार घरं सोडून, त्याच्या वर्गातला एक पोरगा. दोघांनी एकाच दिवशी जिम लावली होती. पहिली दोन वर्षं एकमेकांचं वजन धरायचे, एकाच डब्यातली अंडी खायचे. मग एका स्पर्धेत तो तिसरा आला आणि हा पाचवा. तिथून पुढे दोघांचे ट्रेनर वेगळे, जिम वेगळी, येण्या-जाण्याच्या वेळासुद्धा वेगळ्या. ट्रेनरांना असं वैर हवंच असतं. ते दुकानाला चांगलं. 'त्यानं दोन सीसी घेतलं' असं कळलं की हा तीन घेणार. मोठ्या खेळाडूंच्या चुरशीमागे निदान पैसा आणि डॉक्टर असतात. इथे दोघांच्या मागे फक्त दोन ट्रेनर, आणि ते दोघेही दहावी नापास. शिक्षणाचा अपमान म्हणून लिहीत नाही. इंजेक्शनाचं प्रमाण ठरवणाऱ्याचं शिक्षण विचारायला हवं की नको?

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये जयंतीनिमित्त एका मंडळानं शरीरसौष्ठव स्पर्धा ठेवली. मंडळाचं नाव लिहीत नाही. अशी मंडळं आपल्या शहरात पुष्कळ आहेत, आणि त्या कार्यकर्त्यांचा हेतू चांगलाच होता. स्पर्धेआधीच्या आठवड्यात काय करतात ते घरच्यांना माहीत नसतं. कातडीखालचं पाणी निघून गेलं की स्नायूंच्या रेषा उठून दिसतात. म्हणून मीठ बंद, मग पाणी कमी, शेवटच्या दिवशी पाणी जवळजवळ बंद, आणि वर लघवी जास्त होण्याची गोळी. पोस्टरवर दिसणारं शरीर असं एका दिवसाचं असतं. खेळाडू स्वतः दोन दिवसांनी तसा दिसत नाही. या एका दिवसानं जगातले नावाजलेले लोक घेतलेत. मोहम्मद बेनाझिझा १९९२ साली हॉलंडमध्ये स्पर्धा जिंकला आणि काही तासांत गेला. ऑस्ट्रियाचा आंद्रेआस म्युन्झर १९९६ साली अमेरिकेतली मोठी स्पर्धा खेळून परतला आणि दोन आठवड्यांच्या आत वारला, वय ३१. सिद्धार्थ गौतमानं सहा वर्षं उपाशी राहून पाहिलं, फासळ्या दिसेपर्यंत, आणि हा मार्ग नव्हे म्हणून सुजाताची खीर घेतली, ही गोष्ट आपण वैशाखात लेकरांना सांगतो. पण विहाराच्या अंगणात स्टेज बांधून त्यावर तहानलेली पोरं उभी करताना ती आपल्याला आठवत नाही.

नागपूरचा एप्रिल. दुपारी पारा बेचाळीसजवळ. स्टेज पत्र्याच्या मंडपात. भाच्यानं आदल्या दुपारपासून पाणी घेतलं नव्हतं. स्टेजमागे पोरं डंबेल मारून स्नायू फुगवत होती, तिथे त्याच्या मांड्यांना आणि पाठीला गोळे आले. तो खाली बसला. ट्रेनर म्हणाला, "नाटक नको करू, तुझा नंबर आहे." नंबर होईपर्यंत तो उभा राहिला, पोझही दिल्या. उतरताना पडला. त्याला उचलून रिक्षात घातलं ते त्याच्याच त्या दुष्मनानं. कमरेला तेरा नंबर, अंगाला तो तपकिरी रंग फासलेला, तसाच.

दवाखान्यात लघवी आली ती काळ्या चहासारखी. स्नायू फुटून त्यांचा रंग रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात उतरला होता. अकरा दिवस तो भरती होता, दोनदा डायलिसिस करावं लागलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "घरात सिकलसेल आहे का?" माझी बहीण माझ्याकडे बघायला लागली आणि मी जमिनीकडे.

मी सत्तावीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत रक्त तपासलं. बहीण गरोदर होती तेव्हा तिची सोल्युबिलिटी मीच केली, इलेक्ट्रोफोरेसिस पुढे पाठवलं. एएस पॅटर्न आला. तिला कार्ड मिळालं. "दादा, कुठे बोलू नको," ती म्हणाली, कारण धाकटीचं लग्न व्हायचं होतं. कार्ड पेटीत साड्यांखाली गेलं. पोरगं झालं, वाढलं; त्याची तपासणी कर म्हणून मी एकदा म्हणालो, दुसऱ्यांदा म्हणालो नाही. गावाला सिकलसेलवर भाषणं देणारा मी, आणि माझ्या भाच्याला चोविसाव्या वर्षी पलंगावर कळलं की तो वाहक आहे. ट्रेनरचा गुन्हा मोठा आहे. पण त्या कार्डाबद्दल मला काही त्या ट्रेनरनं गप्प बसवलं नव्हतं.

विदर्भात सिकलसेल आदिवासी समाजात आणि आपल्या बौद्ध समाजात जास्त आढळतो, हे या पानाच्या वाचकांना नवं नाही. एसएस म्हणजे रुग्ण, एएस म्हणजे वाहक. वाहक हा रुग्ण नव्हे. तो चारचौघांसारखा जगतो, काम करतो, खेळतो, व्यायाम करतो. त्याला जपून ठेवायची गरज नाही. फक्त एक जागा धोक्याची आहे: शरीरातलं पाणी संपलेलं, बाहेर उकाडा, आणि स्नायूंवर एकदम टोकाचा ताण. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की वाहकाच्याही लाल पेशी स्नायूंमध्ये विळ्यासारख्या वाकून अडकू शकतात, आणि स्नायू मरू लागतात. स्टेरॉइडनं रक्त आधीच दाट केलेलं असेल तर त्यात भरच. आता एप्रिलमधली स्पर्धा डोळ्यांपुढे आणा. तिन्ही गोष्टी एकत्र आणायच्या असं ठरवूनही कुणाला यापेक्षा चांगली सोय करता आली नसती.

अमेरिकेत हे लोकांनी मरून शिकवलं. डेल लॉइड नावाचा १९ वर्षांचा कृष्णवर्णीय फुटबॉल खेळाडू २००६ साली कॉलेजच्या सरावात कोसळून गेला. वाहक होता, कुणालाच माहीत नव्हतं. घरच्यांनी दावा केला आणि त्यातून २०१० पासून तिथल्या मोठ्या कॉलेजांच्या खेळाडूंची सिकल तपासणी सुरू झाली. पुढे २०१६ साली अमेरिकी लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाहकांमध्ये स्नायू फुटण्याचा धोका जास्त दिसला, पण मृत्यू जास्त दिसले नाहीत. तिथे सगळ्या सैनिकांना पाणी पाजायचं, उन्हात विश्रांती द्यायची, ताण हळूहळू वाढवायचा, असे नियम होते. तेवढ्या नियमांनी माणसं वाचतात. आमच्या स्टेजमागे नेमका उलटा नियम असतो.

म्हणून माझं म्हणणं आहे की उन्हाळ्यात, आणि तेही जयंतीच्या मंडपात, शरीरसौष्ठव स्पर्धा आपण घेऊच नयेत. घ्यायचीच असेल तर थंडीत घ्या. अठराच्या आतला पोरगा स्टेजवर नको. नाव नोंदवताना सिकलचा अहवाल आणि त्याच आठवड्यातला रक्तदाब फॉर्मला जोडा. वाहक निघाला म्हणून त्याला काढू नका, नाहीतर पोरं पुन्हा कार्डं लपवतील. त्याच्या नावापुढे खूण ठेवा आणि स्टेजमागे पाणी, मीठ-साखर आणि एक समजदार माणूस ठेवा. डब्यांच्या दुकानाचा बॅनर आणि देणगी घेऊ नका. हे सांगितलं की कार्यकर्ते हसतात: "दादा, मग बक्षिसं कोण देणार?" मी म्हणतो, बक्षीस लहान द्या. किंवा स्पर्धाच बदला. दंड, बैठका, दोरीवर चढणं, शंभर किलोचं पोतं घेऊन पन्नास पावलं. ज्यात घड्याळ आणि आकडा निकाल देईल, पंचाचा डोळा नाही. पाणी प्यायलेला माणूस त्यात हरत नाही, उलट जिंकतो.

लाजेचंही बोलू. सिकलची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. २०२३ च्या जुलैपासून देशपातळीवर मोहीमच आहे. एएस निघालेल्या पोरा-पोरीचं लग्न अडत नाही. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात लेकरू एसएस होण्याची शक्यता चारात एक असते, एवढंच पाहायचं असतं. ते पाहायला कार्ड पेटीत नाही, खिशात लागतं. आणि जिमला जाणाऱ्यानं लक्षात ठेवावं: व्यायामात नेहमीच्या दुखण्यापेक्षा वेगळा, थांबवूनही न थांबणारा गोळा आला, लघवी चहासारखी झाली, तर घरी झोपायचं नाही. वाहक असो वा नसो, त्याच तासाला दवाखाना.

खाण्याचं थोडक्यात, कारण पत्रं त्याबद्दलच जास्त येतात. सत्तर किलोच्या, रोज वजन उचलणाऱ्या पोराला दिवसाला शंभर ते एकशे चाळीस ग्रॅम प्रथिनं पुष्कळ झाली. सहा अंडी, पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, अर्धा लिटर दूध, शंभर ग्रॅम डाळ आणि पोळ्या, एवढ्यात एकशे दहाच्या आसपास जातात, आणि खर्च साधारण शंभर रुपये. वर मूठभर फुटाणे, शेंगदाणे. सोयाबीन आपल्या विदर्भाच्या मातीत पिकतं आणि आपणच डब्यातली परदेशी पावडर तीन हजारांना घेतो. वस्तीतलं स्वस्त मांस २०१५ च्या कायद्यानंतर कुठे गेलं, हा वेगळा लेख आहे; कधीतरी लिहीन.

भाचा आता बरा आहे. मूत्रपिंडं सावरली, दर तीन महिन्यांनी तपासतो. सकाळी सक्करदरा तलावाकडे चालायला जातो, आठवड्यातून चार दिवस व्यायाम करतो, बाटली सोबत असते. दंड थोडे उतरलेत आणि त्याचं त्याला वाईट वाटतं, हे मी लपवत नाही. आरशासमोर अजून उभा राहतो.

ज्यानं त्याला रिक्षात घातलं, तो अजून स्पर्धा खेळतो. मागच्या महिन्यात मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईला विचारलं, सिकल तपासलं का? ती म्हणाली, "आमच्यात नाही तसलं काही." मी म्हणालो, माझ्या बहिणीच्या पेटीतही असंच लिहिलं होतं. ती काही बोलली नाही, चहा टाकला. पोरगा मला दारापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "मामा, कुठे करतात ती टेस्ट? आईला नको सांगू."

या रविवारी विहारात जयंतीच्या तयारीची बैठक आहे. वरचे सगळे मुद्दे मी एका कागदावर लिहून नेणार आहे. बहीणही येते म्हणाली, कार्ड घेऊन.